दोघींनी आत जायचं

मालूआक्का,

तू गेल्याचं तुझ्या लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "तुला कुणी सांगितलं?" पोरगी रडत म्हणाली, "मावशी, मी आईपाशीच बसलोय." तरी तुझ्या दारापर्यंत मी आले ती अर्धाच विश्वास ठेवून. माझा तरी काय दोष? संपाच्या वेळी मालकाच्या माणसांनी अफवा उठवून तुला दोनदा मारून झालं होतं. एकदा बेळगावच्या दवाखान्यात, एकदा कोल्हापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली. दोन्ही वेळा तू वखारीच्या गेटवर भाकरीला ठेचा लावत बसलेली सापडलीस. या वेळी सापडली नाहीस.

तुझ्या नाकात कापूस घातला होता. त्या नाकानं तू जन्मभर तंबाखूचा खकाणा ओढलास, तेव्हा तोंडाला बांधायला एक फडकं मिळावं म्हणून आपल्याला दोन वर्षं भांडावं लागलं. मी तो कापूस बघत बसले आणि मला रडायच्या आधी रागच आला.

वखारीतल्या बायका मला संशयी शेवंता म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच, कारण ते नाव तूच पाडलंस. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आमची शेवंता आडातलं पाणीबी फुंकून पिते, असं तू चारचौघींत म्हणायचीस. बायका हसायच्या, मी फुगायची. पण युनियनच्या कामाला तुला माणूस हवं झालं, तेव्हा तू त्या हसणाऱ्यांपैकी एकीलाही निवडलं नाहीस. मलाच निवडलंस.

आपल्या आधीचा तो पुढारी आठवतो का? पांढऱ्या शर्टाचा, बाहेरून यायचा. भाषण असं करायचा की चाळणी हातातून गळून पडावी. मग एकटाच मालकाच्या खोलीत जायचा, वेलदोड्याच्या चहाचा वास घेऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, "सगळं मिटलं, आता कामाला लागा." काय मिटलं ते आम्हाला महिनाभरानं कळायचं, आणि मिटलेलं असायचं ते आमचंच. त्याला बायकांनी घालवला, आणि चिंचेखालच्या त्या बैठकीत तू उठून नियम सांगितलास. यापुढं आत कुणी एकटं जायचं नाही. दोघींनी जायचं. एकीनं बोलायचं, दुसरीनं गप्प बसायचं. गप्प बसणारीनं मालकाचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि बाहेर आल्यावर आधी सांगायचं ते गप्प बसणारीनं. बोलणारीनं तोवर घोळक्याच्या मागं जाऊन उभं राहायचं आणि मधे तोंड उघडायचं नाही.

निपाणीत युनियन काय कमी झाल्या? पण असला नियम दुसरीकडं कुठं मी ऐकला नाही. तू बोलणारी झालीस आणि मी गप्प बसणारी. आपली जोडी जमली ती तिथून.

मालकाच्या खोलीत पंखा असायचा, भिंतीवर देवाचा फोटो आणि त्यावर लाल बल्ब. तुझ्यासाठी चहा यायचा, माझ्यासाठीही यायचा, माझा तसाच निवायचा. मालक दर वेळी विचारायचे, "या का घेत नाहीत?" तू दर वेळी सांगायचीस, "तिचा उपास हाय." इतके उपास बघून मालकाला मी मोठी देवभक्त वाटले असणार. आमच्या वस्तीत कळलं असतं तर पंचशीलाचा झेंडा खांद्यावर घेऊन माझी वरात काढली असती लोकांनी. मालक तुझ्याशी मराठीत बोलायचे आणि शेजारी बसलेल्या दिवाणजींशी कन्नडमध्ये. आपल्या दोघींना कन्नड येत नाही असा त्यांचा समज होता. मी बाजारात भाजी विकत घेते ती कुठल्या भाषेत, हा विचार त्यांनी कधी केला नसावा.

मग चिंचेखाली मी सगळं सांगायची. कोण काय बोललं, कोण कुठं अडलं, कुणी कुणाकडं बघितलं. एकदा मी सर्वांसमोर सांगितलं की आज आक्का जरा लवकर नमली. मागं उभी राहून तू ऐकत होतीस. घरी जाताना मला वाटलं, आता ही आपल्याशी बोलायची नाही. तू गाड्यावरची भजी घेतलीस, अर्धी माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "खरं हाय, नमलो मी आज. उद्या परत जाऊया." दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो आणि त्या दिवशी तू नमली नाहीस.

आता तुझ्याविषयी लोक गोड गोड बोलतात आणि गोड बोलणं ऐकलं की माझे कान उभे राहतात. तू देवी होतीस म्हणतात. कसली देवी? तू शिव्या द्यायचीस, मिसरी लावायचीस, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचीस. त्या तोंडाळ मुकादमाचं प्रकरण आठवतं? पोरींना घाण बोलायचा. मी म्हणत होते, कामावरून काढायला लावू. तू मालकाला सांगितलंस, काढू नका, त्याला एक दिवस आमच्यात चाळणीवर बसवा. बसला. दुपारपर्यंत त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले, शिंकून शिंकून धोतराचा सोगा भिजला. संध्याकाळी तू त्याला गुळाचा खडा दिलास, आपण घशासाठी खातो तो, आणि म्हणालीस, "खा रं बाबा, उद्यापासनं बोलताना एवढा घसा आठव." त्यानंतर त्याच्या तोंडून वावगा शब्द गेला नाही. आजही मला वाटतं त्याला काढायलाच हवा होता. हे आपलं भांडण तसंच राहिलं.

आणि माझी थोरली बेळगावच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती तेव्हा तू माझ्यासोबत फरशीवर झोपलीस. नर्सशी कन्नडमध्ये बोलायचीस, डॉक्टरांशी भांडायचीस, मला चहा आणून द्यायचीस. मला तेव्हाही चैन पडलं नाही. मी विचारलं, "माझ्यासाठी एवढं का करतीस?" तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी काही येडीच आहे. म्हणालीस, "तू मेंबर हायस न्हवं? युनियनचं काम हाय हे." त्या एका वाक्यासाठी मी तुझी जन्माची देणेकरीण आहे, आणि त्याच वाक्यामुळं मला तुझा जास्त राग येतो. कारण पुढं तू जे केलंस ते युनियनचं काम नव्हतं.

मालकानं ठेकेदार आणायचं ठरवलं ते साल. जुन्या बायकांची नावं वखारीच्या पटावरून जाणार, सगळ्या ठेकेदाराची माणसं होणार, म्हणजे उद्या हात दुखला तरी विचारायचं कुणाला, हेच कळणार नाही. आपण गेटवर बसलो. ऊन होतं, पोरंबाळं घेऊन बायका बसल्या. पार शेवटाला आल्या होत्या सगळ्या. अशाच एका सकाळी तू मला म्हणालीस, "शेवंते, बेळगावला जाऊन ये. लेबर ऑफिसात पुढची तारीख कळत न्हाय." मी पहिली बस धरली. ऑफिसातले साहेब म्हणाले, "बर्री, कुंडरी," म्हणजे या, बसा, आणि मग म्हणाले, तारीख तर तुमच्या आक्कांना कालच फोनवर सांगितली.

आक्का, त्या खुर्चीवरून मी कशी उठले मला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच चक्र. तारीख तुला माहीत होती. तरी मला पाठवलंस. का पाठवलंस?

निपाणीत उतरले तर चिंचेखाली बायका एकमेकींना गूळ भरवत होत्या. ठेकेदार रद्द. जुन्या बायका जुन्याच पटावर. उद्यापासून काम. मी विचारलं, आत कोण गेलं होतं? आक्का. आणि आक्कासोबत? एकीनं माझ्या हातावर गूळ ठेवला. मग तीच म्हणाली, अगं, मिटलं न्हवं, आता कशाला?

सगळं मिटलं, आता कामाला लागा. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वखार सुरू झाली आणि तू आली नाहीस. म्हणालीस, छाती भरून येते, आता मी युनियनच्या खोलीतच बसणार. तुझी चाळणी दुसरीनं घेतली. सहा महिन्यांत तुझा जावई मालकाच्या मेहुण्याच्या ट्रान्सपोर्टला ड्रायव्हर म्हणून लागला. मग वखारीत कुजबूज सुरू झाली. मी ती सुरू केली नाही. पण थांबवलीही नाही, कारण काय सांगून थांबवणार? मी आत नव्हते.

तुला मी किती वेळा विचारलं. खोलीत, रस्त्यावर, तुझ्या ओट्यावर शेंगा फोडताना. तुझं उत्तर ठरलेलं, "झालं ते झालं. चाळण्या चालू हायत न्हवं?" आपण त्यानंतरही रोज भेटलो, पेन्शनला बायकांना घेऊन गेलो, पावसाळ्यात खोलीचं छत गळायचं ते मिळून शाकारलं. पण भजी पुन्हा कधी खाल्ली नाहीत. शेवटच्या भेटीतही मी विचारलंच. तुला धाप लागत होती, मला कळत होतं की ही वेळ नाही, तरी विचारलं. तू एवढंच म्हणालीस, "तू आत असतीस तर बरं झालं असतं गं."

या वाक्याचा काय अर्थ लावू? मी दोन्ही बाजूंनी लावून बघितला, आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो.

तुझ्या रक्षाविसर्जनाला सारी वखार लोटली होती. नैवेद्य ठेवला, कावळा येईना. बायका एकेक करून पुढं होऊन सांगू लागल्या, आक्का, लेकीला बघतो आम्ही, युनियन बघतो, काळजी करू नगंस. कावळा विजेच्या तारेवर बसून बघतोय, खाली यायचं नाव नाही. तेवढ्यात मंगल बोलली. मंगल म्हणजे अलीकडं आलेली, तिशीतली, कुणाला न घाबरणारी. ती हळू आवाजात पण मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत काय ठरवलं ते सांगायचं ऱ्हायलं असंल. ह्या दोघींचंबी मालकाशी काय कमी सूत न्हवतं." तिथं कालवा झाला. कुणी तिला गप्प करतंय, कुणी मला धरतंय, आणि त्या गडबडीत कावळा शिवून गेला. कुणाच्या बोलण्यावर शिवला हे कुणालाच कळलं नाही.

परतताना दिवाणजी वाटेत थांबले होते. आता थकलेत, काठी आली आहे. मला बाजूला घेऊन म्हणाले की तुम्हाला सांगायला हवं. त्या दिवशी मालक म्हणाले होते, ठेकेदार रद्द करतो, पण ती बोलणारी आणि ती गप्प बसणारी, दोघींपैकी एक वखारीत नको. आणि आक्का म्हणाली, मग मी जाते. ती गप्प बसणारी राहू दे, तिच्या घरात मिळवतं दुसरं कुणी नाही.

मी दिवाणजींना विचारलं, आणि जावयाचं? ते म्हणाले, ते नंतरचं, त्याच्याशी याचा संबंध नाही. हे म्हणताना ते काठीकडं बघत होते.

आक्का, त्या रात्री मला रडू आलं. मला वाटलं, असंच असणार. तू अशीच होतीस. पण सकाळी उठल्यावर मी तेच केलं जे तू मला करायला शिकवलंस. सांगणारा कोण? ज्यानं जन्मभर मालकाचं मीठ खाल्लं तो माणूस. सांगितलं कधी? तू खोटं ठरवायला उरली नाहीस तेव्हा. आणि मालकांनाही जाऊन तीन वर्षं झालीत. म्हणजे त्या खोलीत जे दोघे बोलले ते दोघेही नाहीत, आणि उरला तो ऐकणारा मालकाच्या बाजूचा. आपल्या बाजूचा ऐकणारा असता तर तो मी असते. मला तू बेळगावला धाडलंस.

आणि समज दिवाणजी खरं बोलतात. मग तर मला तुझा दुप्पट राग येतो. तू कोण माझ्यासाठी सौदा करणारी? बाहेर येऊन बायकांना सांगितलं असतंस की मालक दोघींपैकी एकीला घालवा म्हणतोय, तर बायका बसल्या असत्या अजून उन्हात. नसत्या बसल्या तर मी आपल्या पायांनी गेले असते. तुला भीती वाटली असेल की बायका थकल्यात, मोडतील. असेल. पण मग चांगलं केलंस त्याला साक्षीदार कोण? आपला नियम मालकापासून बायकांना वाचवायला होता, तसाच तो तुलाही वाचवायला होता, एवढी साधी गोष्ट तुझ्या, नियम करणारीच्या, ध्यानात आली नाही. आज वखारीतली एक पोर तुझ्या रक्षेसमोर तुला विकाऊ म्हणते आणि मला तिचं तोंड बंद करता येत नाही.

मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे, आक्का. फार ठेवायचा आहे. नुसत्या मायेवर ठेवला तर मी तुझी जोडीदारीण कसली?

मालकाच्या मुलानं पुन्हा ठेकेदाराचं काढलं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बापाचा विंचू लेकाच्या पिशवीत. बायका चिंचेखाली जमल्या आणि म्हणाल्या, आता शेवंताक्का बोलतील. मी म्हटलं, चालेल, गप्प बसणारी मी निवडणार. आणि मंगलचं नाव घेतलं. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "मला तुमच्यावर भरवसा न्हाय."

"म्हणूनच चल," मी म्हटलं.

आम्ही दोघी आत गेलो. खोलीत आता थंड हवेचं मशीन आहे, देवाचा फोटो तोच. चहा आला. मंगलनं कपाला हात लावला नाही. मी प्यायले, पहिल्यांदाच, आणि तुला खरं सांगते, तो चहा चांगला असतो. धाकटे मालक सौम्य बोलतात, बापासारखे ओरडत नाहीत, त्यामुळं जास्त जपावं लागतं. मी आपलं म्हणणं मांडलं. ते ऐकत होते. मग खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाले, "मालूआक्का आणि आमचे बाबा यांचं त्या दिवशी काय ठरलं, ते मला बाबांनी स्वतः सांगितलंय. तुम्हाला माहीत असायला हवं. पण ते तुम्हा एकटीलाच सांगीन. या ताईंना दोन मिनिटं बाहेर बसू दे."

आक्का, इतकी वर्षं जे मी तुला विचारत राहिले ते समोर टेबलावर ठेवलेलं होतं. हा गळ असू शकतो हे मला कळत होतं. खरंही असू शकतं हेही कळत होतं. खरं असलं तर तुझं नाव धुऊन निघालं असतं, निदान माझ्यापुरतं. मी मंगलकडं बघितलं. ती बोलू शकत नव्हती, नियम होता. ती नुसती माझ्याकडं बघत होती, मी तुझ्याकडं बघायची तशी.

मी उठले. म्हटलं, "मग र्‍हाऊ दे. आमच्यात एकटीनं काय ऐकायची पद्धत न्हाय."

चिंचेखाली मंगल पुढं गेली आणि मी घोळक्याच्या मागं जाऊन उभी राहिले, तुझ्या जागी. तिथून फारसं दिसत नाही गं. पाठी दिसतात, अंबाडे दिसतात, आणि आपल्याविषयी दुसरी कुणी सांगतेय ते ऐकत राहावं लागतं. इतकी वर्षं तू हे ऐकलंस आणि एकदाही मधे बोलली नाहीस. ज्या दिवशी एकटी गेलीस त्या दिवशी तू बाहेर येऊन पुढंच उभी राहिली असशील, आणि ही मागची जागा मोकळी राहिली असेल.

मंगलनं सगळं सांगितलं. मालक काय म्हणाले, मी कुठं अडखळले, बेळगावला पुढची बोलणी कधी. मालकानं शेवटी काय द्यायला काढलं होतं आणि मी ते न ऐकता उठले, हेही जसंच्या तसं सांगितलं. बायकांच्या माना मागं माझ्याकडं वळल्या. 

तुझं खरं काय ते मला आता कधीच कळणार नाही. मी उठले तेव्हाच ते ठरलं.

मग मंगलनं सगळ्यांना ऐकू जाईल असं, एवढंच आणखी सांगितलं, "आन् चहा त्यांनी सगळा पिला."